उन्हाळी लागलेल्या बाईने कुणाला सांगावे?



काही दुखण्यांना आपल्या भाषेत इतके साधे नाव आहे की त्या नावामुळेच ती घरात राहून जातात. 'उन्हाळी लागणे' हे त्यांतलेच एक. लघवीला जळजळ होते, घटकेघटकेला जावेसे वाटते, गेले की चार थेंब, आणि ओटीपोटात ओढल्यासारखे दुखते. सासू म्हणते, ऊन बाधले. मग जिऱ्याचे पाणी, धण्याचे पाणी, सब्जा. यात वाईट काही नाही. पाणी न पिता उन्हात राबले की लघवी दाट होते, जळते, आणि भरपूर पाणी प्यायल्यावर ती आग शमते. पण पाणी पिऊनही दोन दिवसांत आग थांबली नाही, किंवा ऐन थंडीत 'उन्हाळी' लागली, तर ते ऊन नव्हे. तो बहुधा मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग असतो आणि त्याला औषध लागते.

हे औषध मिळवण्याची एक वाट गेल्या काही वर्षांत फोनच्या पडद्यावरून जाऊ लागली आहे. डोंगरातल्या पाड्यांवर राहणाऱ्या बायकांसाठी ती कुठवर उपयोगी पडते आणि कुठे थांबते, ते आज सांगायचे आहे. आपल्यापैकी बरेच वाचक शहरांतल्या मंडळ्यांतले आहेत. त्यांच्या घरातल्या लेकीसुनांनाही यातले बरेचसे लागू पडेल.

आधी दुखणे समजून घेऊ. आपल्या आतड्यात ई-कोलाय नावाचे जंतू नेहमीच वस्तीला असतात आणि एरवी तिथे त्यांचा त्रास नसतो. तेच मूत्रमार्गात शिरून मूत्राशयात पोहोचले की आग सुरू होते. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम दीड इंचाचा आणि गुदद्वाराच्या जवळ. पुरुषाचा त्याच्या कितीतरी पट लांब. म्हणून हे दुखणे बायकांना जास्त होते. जगातल्या निम्म्या तरी बायकांना ते आयुष्यात एकदा होतेच. बाईच्या किंवा तिच्या नवऱ्याच्या चारित्र्याशी त्याचा संबंध नाही. हे वाक्य मुद्दाम लिहिले, कारण पहिला संशय तिकडेच जातो, पाड्यावरही आणि शहरातल्या सोसायटीतही.

संसर्ग मूत्राशयापुरता असला तर थोड्या दिवसांच्या औषधाने बरा होतो. तो वर सरकून मूत्रपिंडात गेला की थंडी वाजून ताप येतो, कुशीत आणि पाठीत ठणका लागतो, उलट्या होतात. तिथून रक्तात उतरला तर जिवावर बेतते. गरोदर बाईला हा धोका अधिक. गरोदरपणात मूत्रपिंडाकडून येणाऱ्या नळ्या सैलावतात, लघवी तुंबून राहते आणि जंतूंना वर चढायला सोपे जाते. दिवस पूर्ण होण्याआधी बाळंतपण होणे आणि मूल कमी वजनाचे निपजणे यांचे हे एक टाळता येण्याजोगे कारण आहे. शिवाय गरोदर बाईच्या लघवीत जंतू असूनही तिला काहीच जाणवत नाही, असेही होते. म्हणून त्रास नसला तरी गरोदरपणात लघवी तपासून घ्यायची असते. आपण कुपोषित बालकांबद्दल पुष्कळ बोलतो. त्या बालकाच्या वजनाची गोष्ट अशी त्याच्या आईच्या लघवीपासूनही सुरू होऊ शकते.

न सांगितलेले दुखणे

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली आणि तिचे निष्कर्ष जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. शंभरातल्या ९२ बायकांना काही ना काही स्त्रीरोग निघाला. त्याआधी कधी अशी तपासणी झालेल्या बायका शंभरात जेमतेम आठ होत्या. तो अभ्यास सगळ्या स्त्रीरोगांचा होता, केवळ लघवीच्या संसर्गाचा नव्हे. पण त्याने जगाला दाखवले ते हेच, की खेड्यातली बाई कंबरेखालचे दुखणे सांगत नाही, आणि सांगत नाही म्हणून ते नाही असे सगळे धरून चालतात.

आता नंदुरबार जिल्ह्यातला धडगाव तालुका डोळ्यांपुढे आणा. सातपुड्याच्या उतारांवर विखुरलेले पाडे, घर ज्याच्या त्याच्या शेतात, दोन घरांमध्ये एखादी टेकडी. रस्ता नाही तिथे आजही आजाऱ्याला बांबूच्या झोळीत घालून खाली आणावे लागते. अशा पाड्यावरची पंचविशीतली एक बाई समजा. घरी संडास नसेल तर ती उजाडायच्या आधी बाहेर जाते, नाहीतर अंधार पडल्यावर. दिवसभर जावे लागू नये म्हणून पाणीच कमी पिते. आग सुरू झाल्यावर तर आणखी कमी, कारण दर वेळी जाणे म्हणजे शिक्षा. जंतूंना वाहून न्यायला लागणारे पाणीच असे बंद होते.

प्राथमिक आरोग्य केंद्र गाठायचे तर जीपचे भाडे, एका दिवसाची बुडालेली मजुरी आणि सोबतीला घरचा पुरुष. केसपेपरच्या खिडकीवर मोठ्याने विचारणार, "काय होतंय?" मागे रांग. आतले डॉक्टर पुरुष, मराठीत बोलणारे. तिची बोली पावरी किंवा भिली. तिच्या वतीने नवरा किंवा दीर बोलणार. तिथे ती म्हणते, "कंबर दुखते." दुखणे थांबवायच्या गोळ्या मिळतात आणि ती परत येते. डॉक्टरांनी हयगय केली असे यात नाही. त्यांना जे सांगितले त्यावर त्यांनी औषध दिले.

पडद्यापलीकडचा डॉक्टर

२०१८ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आले होते. रुग्णाला फोनवरून औषधे सांगितली गेली होती आणि रुग्ण दगावली होती. त्यानंतर 'फोनवर औषध सांगावे की नाही' या धास्तीत पुष्कळ डॉक्टर होते. करोनाची टाळेबंदी सुरू झाली त्याच दिवशी, २५ मार्च २०२० रोजी, केंद्र सरकारने दूरवैद्यकीय सेवेची नियमावली जाहीर केली आणि ही गोष्ट कायद्याच्या चौकटीत आली. डॉक्टरने आपले नाव आणि नोंदणी क्रमांक सांगायचा, रुग्ण कोण आहे याची खात्री करायची, लेखी चिठ्ठी द्यायची, आणि दुरून तपासणे पुरेसे नाही असे वाटले तर तसे स्पष्ट सांगून रुग्णाला प्रत्यक्ष बोलवायचे. तो निर्णय डॉक्टरचा. आणि रुग्णाच्या वतीने एखादा आरोग्य कर्मचारी फोन लावत असेल तर रुग्णाची स्पष्ट संमती घेतलीच पाहिजे.

सरकारची 'ई-संजीवनी' ही सेवा त्याआधीच, नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाली होती. ती मोहालीच्या सी-डॅक या सरकारी संस्थेने तयार केली आहे आणि विनामूल्य आहे. तिच्या दोन वाटा आहेत. एक, घरबसल्या आपल्याच फोनवरून. ही एप्रिल २०२० पासून आहे: मोबाइल क्रमांक टाकायचा, त्यावर आलेला ओटीपी द्यायचा, नाव-वय भरायचे, टोकन मिळते, नंबर लागला की डॉक्टर समोर दिसतात, आणि शेवटी चिठ्ठी फोनवरच येते. दुसरी वाट उपकेंद्रातून. आदिवासी आणि डोंगरी भागात साधारण ३,००० लोकवस्तीला एक उपकेंद्र असावे असा दंडक आहे. यांतल्या अनेक उपकेंद्रांना आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. तिथे समुदाय आरोग्य अधिकारी असतात, लोक त्यांना नुसते सीएचओ म्हणतात. त्या बाईला समोर बसवून पडद्यावर मोठ्या केंद्रातल्या डॉक्टरांना जोडून देतात. पाड्यावरच्या बाईसाठी ही दुसरी वाट अधिक कामाची, कारण इथे तिच्या शेजारी तपासणारे हात असतात.

नुसत्या बोलण्यावर डॉक्टर औषध कसे देतात, असा प्रश्न तुम्हाला पडेल. पडायलाच हवा. पुष्कळ दुखण्यांत तसे देता येतही नाही. पण लघवीचा साधा संसर्ग हे अशा थोड्या दुखण्यांपैकी आहे जे मुख्यतः रुग्णाच्या सांगण्यावरून ओळखता येते. लघवीला आग आहे, वारंवार जावे लागते, आणि अंगावरून पांढरे जात नाही किंवा तिथे खाज नाही, असे बाई सांगत असेल तर शंभरातल्या नव्वदहून अधिक वेळा तो संसर्गच असतो. पडद्यावरचे डॉक्टर आणि टेबलापलीकडचे डॉक्टर हेच प्रश्न विचारणार. म्हणजे या दुखण्यात बाईचे शब्द हीच निम्मी तपासणी आहे. ते शब्द तोंडातून निघाले नाहीत तर कितीही चांगला पडदा असो, पलीकडच्या डॉक्टरांच्या हाती 'कंबर दुखते' एवढेच लागते.

उपकेंद्रात हे कसे चालते पाहा. सीएचओ आधी ताप, नाडी, रक्तदाब पाहतात. पाठीमागून कुशीवर हलकेच मूठ मारून दुखते का विचारतात. तिथे बाई कळवळली तर मूत्रपिंडाची शंका येते. स्वच्छ डबीत लघवी घेतात, तीही मधल्या धारेची: पहिली थोडी सोडून द्यायची, मग डबी धरायची. पट्टी बुडवली की रंग बदलतो. काही पट्ट्यांवर फक्त साखर आणि प्रथिने कळतात, काहींवर पू आणि जंतूंच्या खुणाही. पाळी चुकली असेल तर गरोदरपणाची तपासणी, त्याचे किट आशाताईकडेही असते. ही तपासणी वगळू नये, कारण गरोदर बाईसाठी औषधाची निवड बदलते. मग पडद्यावरचे प्रश्न: किती दिवस झाले, लघवीतून रक्त जाते का, याआधी असे झाले होते का, मेडिकलमधून काही घेतले का, कुठल्या गोळीने अंगावर पुरळ उठते का, साखरेचा आजार आहे का.

हे सगळे बाईने आपल्या बोलीत सांगायचे आणि कुणीतरी ते मराठीत पलीकडे पोहोचवायचे. हे 'कुणीतरी' कोण, यावर पुष्कळ अवलंबून आहे. पाड्यावरची आशाताई असेल तर बहुतेक वेळा जमते. नवरा असेल तर अर्धे सांगितले जाते. शाळेत जाणारा मुलगा असेल तर काहीच नाही. डॉक्टर बाई मिळाल्या तर उत्तम, तशी विनंती करायला हरकत नाही; दर वेळी मिळतीलच असे नाही.

पडदा कुठे थांबतो

थंडी-ताप, कुशीत ठणका, उलट्या, ग्लानी यांतले काहीही असेल तर पडद्यापुढे वेळ घालवायचा नाही. १०८ ला फोन करून मोठे रुग्णालय गाठायचे. गरोदर बाई, लहान मूल, पुरुष, मधुमेही, आणि सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा हाच त्रास झालेली बाई, यांना दुरून सल्ला घेता येतो, पण तेवढ्यावर भागत नाही. त्यांची लघवी प्रयोगशाळेत पाठवून कोणता जंतू आहे आणि कोणत्या औषधाला दबतो हे पाहावे लागते. त्या तपासणीला दोन-तीन दिवस लागतात आणि नमुना औषध सुरू करण्याआधी द्यायचा असतो. अंगावरून पांढरे जात असेल तर बहुधा दुखणे वेगळे असते. त्यासाठी प्रत्यक्ष तपासणीच हवी, आणि तिला पर्याय म्हणून पडदा वापरू नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

नेटवर्क नाही ही रड तर रोजचीच. नर्मदेकाठच्या काही पाड्यांवर अजूनही टेकडीच्या एका ठरावीक दगडावर उभे राहिल्यावर रेंज येते. ऐन बोलण्यात फोन तुटला तर सीएचओंनी साध्या फोनवरून डॉक्टरांशी बोलून घ्यावे लागते.

आता औषधाबद्दल. मूत्राशयापुरत्या साध्या संसर्गाला भारतात बहुधा नायट्रोफ्युरँटॉइन हे औषध आधी देतात, साधारण पाच दिवस, जेवणानंतर. दुसरे फॉस्फोमायसिन, पाण्यात विरघळवून एकदाच घ्यायची पुडी. कोणते कुणाला द्यायचे हे डॉक्टरच ठरवतील; नावे दिली ती चिठ्ठी ओळखता यावी म्हणून. नायट्रोफ्युरँटॉइनने लघवी गडद पिवळी किंवा तपकिरी होते. हे आधी सांगितले नाही तर बाई घाबरते आणि दुसऱ्याच दिवशी गोळ्या बंद करते. औषध लागू पडत असताना ते असे रंगाच्या भीतीने सुटते.

पण इथे आदिवासी भागात एक सावधगिरी लागते, जी शहरातल्या डॉक्टरांना पडद्यावरून चटकन सुचेलच असे नाही. भिल, पावरा, गोंड, माडिया या समाजांत सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. सिकलसेल असलेल्याला मूत्रपिंडाचे संसर्ग लवकर होतात, आणि कधी कधी संसर्ग नसतानाही लघवीतून रक्त जाते. त्याचप्रमाणे जी-६-पी-डी नावाच्या द्रव्याची रक्तातली जन्मजात कमतरता काही आदिवासी समाजांत इतरांपेक्षा जास्त आढळते. अशा माणसाला नायट्रोफ्युरँटॉइन किंवा सल्फाची गोळी दिली तर रक्तपेशी फुटू शकतात. लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली आणि सोबत डोळे पिवळे, धाप, थकवा दिसला तर तो औषधाचा साधा रंग नव्हे; गोळी थांबवून लगेच दवाखाना गाठायचा. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम जुलै २०२३ मध्ये मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू झाली. तिच्या तपासणीत मिळालेले कार्ड घरात असेल तर पडद्यापुढे बसताना ते सोबत न्यावे आणि विचारण्याची वाट न पाहता दाखवावे.

चिठ्ठीतले औषध उपकेंद्रात असेल तर तिथेच मिळते, नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रातून आणावे लागते. ही अखेरची पायरीच अनेकदा निसटते. मग आठवडी बाजाराच्या दिवशी मेडिकलमधून 'लघवीच्या दोन गोळ्या' घेतल्या जातात, बहुधा नॉरफ्लॉक्स किंवा सिप्रो. दोन गोळ्यांनी आग कमी होते, जंतू मरत नाहीत, उरलेले जंतू त्या औषधाला सरावतात. या गटातली औषधे आपल्या देशात लघवीच्या जंतूंवर पूर्वीसारखी चालत नाहीत, याचे एक मोठे कारण हेच. शहरातल्या सुशिक्षित घरांतही हे सर्रास चालते, तेव्हा पाड्याला नावे ठेवायचे कारण नाही.

दिवाळीनंतर पाडे रिकामे होतात. नंदुरबारकडची कुटुंबे ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत, पश्चिम महाराष्ट्रात जातात. फडावर पहाटेपासून काम, आडोसा नाही, मुकादमाला विचारून जायचे. उन्हाळी तिथे लागणारच. तिथे ओळखीचे उपकेंद्र नसते, पण फोन असतो, आणि ई-संजीवनीची पहिली वाट तिथून उघडता येते. फोनवर आलेली चिठ्ठी औषधाच्या दुकानात दाखवून औषध घेता येते. अडचण एवढीच, की फोन बहुधा नवऱ्याच्या खिशात आणि ओटीपीही त्याच्याच क्रमांकावर. म्हणून आरोग्याच्या बैठका फक्त बायकांच्या घेऊन भागत नाही. स्थलांतराआधी, दिवाळीच्या सुमारास, पुरुषांनाही बसवून हे दुखणे काय आहे आणि काय नाही ते सांगावे लागते. बाईला संशयाची भीती वाटणार नाही एवढे एका बैठकीत साधत नाही, पण तिसऱ्या-चौथ्या वर्षी एखादा नवरा स्वतःच फोन लावून पुढे करतो.

आपल्या भगिनी मंडळांकडून आणि तरुण संघांकडून नेहमी विचारणा होते, "एखादा टॅब घेऊन देऊ का?" भावना चांगली आहे. पण उपकरण बहुतेक ठिकाणी आहे. नसते ते वेगळेच: एक जाड पडदा किंवा बंद होणारे दार, म्हणजे बाहेर बसलेल्यांना आतले ऐकू जाणार नाही. कानाला लावायचे यंत्र, म्हणजे डॉक्टरांचा प्रश्न खोलीभर घुमणार नाही. झाकणाच्या स्वच्छ डब्या. उपकेंद्राजवळ पाण्याची सोय असलेले स्वच्छतागृह, कारण लघवीचा नमुना द्यायला बाईने जायचे कुठे? आणि तिची बोली समजणारी एक बाई, जी आत ऐकलेले बाहेर बोलणार नाही. यातल्या बहुतेक वस्तू टॅबच्या किमतीच्या दहाव्या हिश्शातही येत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी कुणी फोटो काढत नाही.

पाचव्या दिवशी आशाताईने पाड्यावर फेरी मारायची असते. "बरं वाटतं का?" असे विचारले की उत्तर "हो" असेच येते. म्हणून तिने रिकामे पाकीट मागायचे. पाकिटात पुष्कळदा तीन-चार गोळ्या शिल्लक असतात. आग तिसऱ्या दिवशी थांबली, मग उरलेल्या डाळीच्या डब्यात जपून ठेवल्या. कशाला, असे विचारले की बाई जावेच्या घराकडे बोट दाखवते. जावेलाही तेच होते आहे, आणि तिने अजून कुणाला सांगितलेले नाही.